विभाग बोला, बाई

आमच्या अमरावतीच्या त्या वाचनालयात पुस्तक मागायचं म्हणजे चारचौघांत ओरडायचं. आताच्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटतं. आता काय, कपाटं उघडी, हात घाला नि घ्या. तेव्हा कपाटांना कुलपं, कपाटं आतल्या खोलीत आणि आपण बाहेर. मधे गजांची एक खिडकी. खिडकीला लांब सुतळीनं बांधलेली पुस्तकांची यादी, चांगली जाडजूड, हातानं लिहिलेली. त्यात आपलं पुस्तक शोधायचं आणि विभागाचं नाव आणि नंबर मोठ्यानं म्हणायचा. खिडकीशी ग्रंथपाल बसत. सगळे त्यांना काकाजी म्हणत. ते ऐकून आत ओरडायचे, आणि आतून चपराशी तेच पुन्हा ओरडायचा, म्हणजे त्यानं बरोबर ऐकलं हे कळावं. नंबर प्रत्येक विभागात एकापासून सुरू व्हायचे, त्यामुळं नुसता नंबर सांगून भागत नसे. विभाग बोलावाच लागे.

ह्याच्या गमती पुष्कळ. वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते, कोर्टात ज्यांच्या आवाजानं कौलं हलत असं लोक म्हणत. एकदा त्यांनी खिडकीशी वाकून अगदी हळू काहीतरी मागितलं. काकाजींनीही हळूच आत सांगितलं. पण चपराशाला हळू ठाऊकच नव्हतं. "वैद्यक! मूळव्याध, लक्षणं व उपचार!" आतून आवाज आला, "बाहेर गेलं हाये साहेब, पुढच्या हप्त्यात येजा!" आमचे हे तेव्हा तिथंच वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. पुढं कितीतरी दिवस वकीलसाहेब कुठं खुर्चीवर बसायला लागले की लोक एकमेकांकडं पाहत.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि दोन्हीकडं मळा. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, शेवंती, आणि सासऱ्यांची संत्र्याची झाडं. अक्षरं मी भावाच्या पाटीवरून उचलली, आणि वाचायला शिकले ते भाजी गुंडाळायला आणलेल्या रद्दीवरून. त्यामुळं माझ्या कितीतरी गोष्टी अर्ध्याच वाचलेल्या आहेत. शेवट कोणाच्या सांभारासोबत कोणाच्या घरी गेला, देव जाणे. पूर्ण गोष्ट वाचायला मिळावी म्हणून मी वाचनालयाच्या मागं लागले, आणि आमच्या ह्यांनी वर्गणी भरली.

गुरुवारी दुपारी वाचनालय बायकांसाठी राखलेलं असे. पुरुष बाहेर, आम्ही आत जाजमावर. आमचा विभाग ठरलेला: 'बायकापोरांस योग्य'. खिडकीशी जायचं, 'बायकापोरांस योग्य' असं म्हणायचं आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन यायचं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं. बायका आपण, पोरंही आपलीच.

मग एका गुरुवारी मास्तरीणबाई आल्या.

त्या मुलींच्या शाळेत नव्यानं लागल्या होत्या, आणि राहायला गावाबाहेरच्या वस्तीत. त्यांच्या जातीला तेव्हा लोक काय काय म्हणत हे मला माहीत आहे. इथं त्यातला कोणता शब्द लिहावा म्हणून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "मास्तरीण लिहा. ते मी कमावलेलं आहे." म्हणून मास्तरीण लिहिते.

वाचनालय सर्व जातींना खुलं, असा ठराव मंडळानं नुकताच केला होता. ठराव खरा धरून आत आलेल्या त्या पहिल्याच. जाजमावर त्यांना जागा झाली. जरा जास्तच झाली. दोन्ही बाजूंना आणखी दोघी-दोघी सहज बसल्या असत्या. त्यांनी ते पाहिलं, आणि मिळालेल्या जागेत ऐसपैस मांडी घालून बसल्या. मला तेव्हाच त्यांचं कौतुक वाटलं. मी त्यांच्या जागी असते तर अंग चोरून कोपरा गाठला असता.

मग त्यांनी यादी घेतली. आम्ही यादी उघडायचो ती आमच्या पानावर. ह्या बाईनं पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि पोथी वाचावी तशी शेवटपर्यंत वाचली. आमचे विडे संपले, गप्पा संपल्या, तरी बोट चालूच. एका जागी थांबलं. मग त्या उठल्या, खिडकीशी जाऊन ते पान उघडं ठेवलं आणि फक्त नंबर सांगितला.

"विभाग बोला, बाई," काकाजी म्हणाले.

"विभाग तुम्हीच वाचा, काकाजी. यादी तुमची आहे."

काकाजींनी चष्मा नीट केला आणि पानावर पाहिलं. पुस्तक वऱ्हाडातल्या गावगाड्याचं होतं, गावाच्या शिवा कोणी राखल्या, गावाचं काम कोणी केलं, ह्याची जुनी हकिगत. ते ज्या विभागात घातलं होतं त्याचं नाव होतं 'नीच व अस्पृश्य जाती'. आता काकाजी काही वाईट माणूस नव्हते. ती यादी त्यांच्याही आधीच्या कोणा माणसानं केली होती, सुरेख मोत्यासारख्या अक्षरात, आणि तो विभाग काकाजींनी आजवर कितीदा तरी आत ओरडून सांगितला असेल. पण त्यांनी मान वर केली तेव्हा बाई त्यांच्याकडंच पाहत होत्या. काकाजींनी तोंड उघडलं. मिटलं. उपरण्यानं मान पुसली.

आतून चपराशी ओरडला, "काऊन थांबले काकाजी? कोनता इभाग?"

"थांब तू," काकाजी म्हणाले, "मीच येतो आत."

आणि ते उठून आत गेले आणि स्वतः पुस्तक घेऊन आले. काकाजींना खुर्ची सोडून उठलेलं मी तरी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. आमच्यातल्या एक काकू होत्या, बालविधवा, जिभेच्या मोठ्या तिखट. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "पाह्य व माय, उठला गनपती."

बाईंनी पुस्तक घेतलं, पण खिडकी सोडली नाही. "काकाजी," त्या म्हणाल्या, "मी मोठी बाई. मी गप्प उभी राहिले, तुम्ही समजून घेतलंत. पण माझ्या वर्गातल्या मुली आता वाचायला लागल्यात. शाळा त्यांना इथं पाठवणार आहे. वस्तीतल्या पोरी आहेत त्यात, अकरा-बारा वर्षांच्या. त्यांनी ह्या खिडकीशी काय म्हणायचं?"

काकाजींनी यादीच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "यादी फाटत आली आहे. मंडळ ती आता छापून घेणार आहे. एकदा छापली बाई, की तुमच्या-माझ्या हयातीत बदलायची नाही."

"मग छापायच्या आधी एकदा वाचून घेऊ," बाई म्हणाल्या, जसं काही तांदूळ शिजायच्या आधी निवडून घेऊ.

आणि खरंच तसंच झालं. त्यानंतरचे कितीतरी गुरुवार आम्ही यादी निवडली. काकाजी खिडकीमागून बाहेर येऊन जाजमाच्या कडेला दौत-टाक घेऊन बसत, बाई विभाग वाचत. शब्द बरा की वाईट हे कसं ठरवायचं, ह्याची त्यांची रीत सोपी होती, आणि ती त्यांना काकाजींच्या उघड्या तोंडावरूनच सुचली असणार. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे, त्याच्या तोंडाकडं पाहून तो शब्द मोठ्यानं म्हणायचा. म्हणता आला तर राहू द्यायचा. घशात अडकला तर काट.

'अनाथ, विधवा व पतित स्त्रिया' असा एक विभाग निघाला. जाजमावर विधवा काकूच. त्यांच्याकडं पाहून म्हणायची पाळी एका नव्या सुनेवर आली. ती बिचारी "अनाथ" म्हणाली, "विधवा" म्हणाली, आणि पुढं ततपप करायला लागली.

"बोल नं व," काकू म्हणाल्या, "पतित म्हन. सत्तर वर्सांची झाली मी, आतापावतर पाटावरनं बी पडली नाई. आता या पुस्तकानं पाडली तं पडीन."

आम्ही हसून हसून आडव्या झालो. काकू मात्र थोड्या वेळानं पदर सारखा करून म्हणाल्या, "त्या इभागात एक पुस्तक हाये म्हनतात, इधवेच्या हक्काचं. वाटनीचं, पोटगीचं. मले तरुनपनी पाह्यजे होतं ते. पन त्या खिडकीशी जाऊन हे नाव कोन घेनार होतं?" काकाजींनी काट मारली.

मग माझी पाळी. 'शूद्रांचे धंदे'. काकूंनी ते माझ्याकडं पाहून खणखणीत म्हटलं, त्यांना काय. मीही हसले. "राहू द्या नं," मी म्हटलं, "आमी तं तेच हाओत."

बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हाला लागत नसेल. पण त्या पानावर तुम्ही कधी गेलात का?"

नव्हते गेले. कोण जातं असल्या पानावर? त्यांनी पान माझ्यापुढं धरलं. विणकाम, तेलाची घाणी, आणि त्याखाली 'संत्र्यांची लागवड व झाडांचे रोग'. मी पाहतच राहिले. सासऱ्यांच्या झाडांना त्या साली डिंक्या लागला होता. खोडातून डिंक गळायचा, पानं पिवळी पडायची, आणि सासरे रोज संध्याकाळी झाडाझाडाला हात लावून परत येऊन गप्प बसायचे. आणि औषध इथं कुलपात होतं. त्याच दिवशी मी ते पुस्तक पदराखाली घालून नेलं आणि रात्रीच्या जेवणानंतर सासऱ्यांना वाचून दाखवलं. सगळी झाडं जगली असं नाही, पण पुष्कळ जगली. सासरे पुढं आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सुनेनं वाचून झाडं वाचवली." वाचलं मी, पण पान दाखवलं बाईंनी.

आता बाईंची एक चूक सांगते. चूक सांगते म्हणजे कौतुकच सांगते.

'जन्मजात गुन्हेगार जाती' असा विभाग आला. बाईंनी वाचला, आमच्यातली एक म्हणाली, "हे बरोबर हाये. तितर विकाच्या निमित्तानं येतात नि कोंबड्या घेऊन जातात." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईही "हं" म्हणाल्या आणि पान उलटलं. काकाजींनी ते नाव नव्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं.

पुढच्या गुरुवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या. आम्ही जाजमावर टेकतो न टेकतो तोच म्हणाल्या, "काकाजी, ते गुन्हेगाराचं पान काढा. माझ्याच रीतीत मी चुकले."

"काय झालं?"

"बाजारात एक पारधीण तितर घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि मनातल्या मनात ते नाव म्हणून पाहिलं. मांडीवर पोर होतं, मान धरत नव्हतं अजून. जन्मजात म्हणजे ते. त्याच्याकडं पाहून मला म्हणता येईना." मग म्हणाल्या, "आणि गेल्या गुरुवारी मी सहज वाचून गेले. का, तर ती इथं जाजमावर नव्हती. मी खिडकीशी उभी नव्हते तोवर माझंही नाव असंच वाचत असतील ना सगळे?"

काकाजी म्हणाले, "बाई, तो सरकारी शब्द आहे. कायद्यातला."

"मग सरकार लिहील आपल्या कागदावर. आपण पारधी लिहू. त्या नावानं हाक मारली तर ती वळून तरी पाहील."

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, भाषणं ऐकली. स्वतःला टोचलेला काटा सगळेच दाखवतात. दुसऱ्याच्या पायातला काटा आपल्याला दिसला नाही म्हणून ज्याला झोप लागत नाही, असं माणूस मी ते एकच जवळून पाहिलं. त्या गुरुवारपासून जाजमावर त्यांच्या बाजूला रिकामी जागा राहिली नाही. एका बाजूला काकू, एका बाजूला मी.

यादी होत आली आणि वकीलसाहेबांच्या कानावर गेलं की बायका वाचनालयाची यादी बदलून राहिल्या. मंजुरी त्यांच्याच सहीची. गुरुवारची वेळ असूनही ते आले. काकाजींनी आधी आत येऊन विचारलं, आम्ही पदर घेतले, आणि त्यांच्यासाठी खुर्ची आली.

"गादी देऊ काय साहेब?" काकूंनी अगदी मायेनं विचारलं. मी तोंडात पदर कोंबला.

वकीलसाहेबांनी न ऐकल्यासारखं करून कागद चाळले. माणूस समजूतदार होता, उगाच नाही म्हणणारा नव्हता. विधवांचा विभाग मान्य. पारध्यांचं म्हणे, "ठीक." आमच्या मळ्याची पुस्तकं शेतीत गेली, ठीक. मग बाईंनी पहिल्या दिवशी मागितलेल्या पुस्तकाच्या विभागावर बोट थांबलं.

"इथं नुसतीच काट आहे. नवं नाव काय? आता हरिजन असा शब्द निघाला आहे. चांगला आहे, देवाचं नाव आहे त्यात. तो लिहा."

"आम्हाला विचारून नाही निघाला तो," बाई म्हणाल्या. "कोणी घेतात, पुष्कळ घेत नाहीत. मी घेत नाही."

"मग तुम्हीच सांगा, काय लिहायचं?"

"काहीच नको. पुस्तकं पाहा ना साहेब. हे गावगाड्याचं, ते इतिहासात जाईल. हे वतनाच्या भांडणांचं, ते कायद्यात. हे अभंग, ते काव्यात. आमच्यासाठी वेगळी कोठडी कशाला?"

"अहो, सगळे नंबर बदलतील!" वकीलसाहेब म्हणाले. "छपाई लांबेल. एवढं सगळं एका नावासाठी? नाव म्हणजे कपाटावरची पाटी. पुस्तक हाती आल्याशी काम."

तेव्हा काकाजी बोलले. मंडळापुढं ते कधी बोलत नसत. "साहेब, ती पाटी एकदा मोठ्यानं म्हणा. खिडकीशी म्हणतात तशी. बाईंकडं पाहून. मला नाही जमलं."

वकीलसाहेबांना कोर्टाची सवय. ते उभे राहिले, घसा साफ केला, बाईंकडं पाहिलं आणि कौलं हलवणाऱ्या आवाजात ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

बाई उठल्या. वर्गात हजेरी चालू असताना मुलगी उठते तशा, हात जुळवून, मान सरळ ठेवून. म्हणाल्या, "हजर."

आतून आता चपराशानं ते नाव पुन्हा ओरडायला हवं होतं. रिवाजच तो. आम्ही सगळ्या त्याची वाट पाहत होतो, वकीलसाहेबही. तो ओरडला नाही. दूर कुठल्या तरी कापसाच्या जिनाचा भोंगा वाजला आणि थांबला.

वकीलसाहेब हळूच खाली बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग काकाजींकडं हात पुढं केला, टाक मागायला. सही करून म्हणाले, "नंबर बदला. तुमचं काम वाढलं, काकाजी."

"वाढू द्या साहेब," काकाजी म्हणाले.

जाताना वकीलसाहेब दारात थांबले. बाईंना म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं."

"पोरी होतील," बाई म्हणाल्या.

यादी छापून आली तेव्हा बाई अमरावतीत नव्हत्या. त्यांची अकोल्याच्या शाळेत बदली झाली होती. जाताना माझ्याकडं आल्या होत्या, मळ्यातली संत्री बळंच पिशवीत घातली तर एवढंच म्हणाल्या, "पोरी खिडकीशी येतील त्या दिवशी तुम्ही जा, ताई. मला मागून सांगा."

दिवाळीत मी भाऊबीजेला अकोल्याला गेले. भावाला ओवाळलं आणि तशीच बाईंना शोधत निघाले. घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "लायब्ररीत पाह्य. तिथंच असते ते." तिथंही बायकांची वेळ होती, तिथंही गजांची खिडकी. आणि खिडकीशी बाई, समोर सुतळीनं बांधलेली यादी, पानावर बोट.

"बाई, इथं बी?" मी म्हटलं.

"इथं बी," त्या म्हणाल्या. "आणि ही तर आपल्यापेक्षा जाड आहे." मग माझा हात धरून जाजमावर बसवलं. "आल्या का पोरी?"

"आल्या."

"पहिली कोण गेली?"

"वस्तीतलीच. एवढीशी. खिडकीला पुरेना तं गजाला धरून टाचा उचलल्या. काकाजी म्हणाले, विभाग बोल, माय."

"मग?"

"मग काय, इतिहास म्हणाली. तुम्ही नेलं होतं तेच पुस्तक पाहिजे होतं तिला."

"ते कळलं हो," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात अजून सोडला नव्हता. "आवाज कसा होता?"

आता आवाज कसा होता हे तोंडानं कसं सांगायचं? मी उठले. परकं वाचनालय, परक्या बायका, पण मी टाचा उचलल्या आणि त्या पोरीसारखी ओरडले, "इतिहास!"

जाजमावरच्या सगळ्या दचकल्या. आणि आतून, कपाटांच्या खोलीतून, अकोल्याचा चपराशी सवयीनं तेवढ्याच मोठ्यानं ओरडला, "इतिहास! नंबर कोनता, बाई?"